ओळ लांब होती

आल्सफुर्ट, १९ फेब्रुवारी १९१४

आदरणीय डॉक्टर टेसमार,

अक्षर ओळखलं असेल, तर पत्र शेगडीत टाकण्याआधी एवढं एक पान वाचा. ओळखलं नसेल तर सांगते, मी टेक्ला ऑस्टरवाल्ट, प्रोफेसर ऑस्टरवाल्ट यांची मुलगी. अकरा वर्षांपूर्वी आपण बाबांच्या हाताखाली काम करायचात, रोज आमच्या जेवणघरात बसायचात, आणि अंगठीसाठी आपल्या बोटाचं माप मी एका दोऱ्यावर घेऊन ठेवलं होतं. त्या दोऱ्याचं काय झालं ते विचारू नका.

पत्राचं कारण असं, की आल्टेनरोडच्या मठातून बाबांना पत्र आलं आहे. तिथं पाटर वुनिबाल्ट नावाचे एक संन्यासी आहेत. त्यांनी फोटो काढायची नवी तऱ्हा साधली आहे. डोळ्यांना न दिसणारा कसलासा प्रकाश चामड्याच्या पानावर सोडतात, आणि हजार वर्षांपूर्वी खरवडून टाकलेली अक्षरं काचेवर उमटतात म्हणे. वरती नंतर कुणी काय लिहिलं, कसले डाग पडले, त्याचं त्या प्रकाशाला काही नाही. येत्या जुलैत ते वेढ्याच्या हकिकतीचं पान काढणार आहेत. तेच पान, ज्याच्या तिसऱ्या ओळीवरून आपलं आणि बाबांचं फाटलं.

बाबा खूश आहेत. सूप वाढणाऱ्या आमच्या स्वयंपाकीण ल्युडेकेबाईंना तीनदा सांगून झालं, "आता टेसमारला काचेवर दाखवतो." बाई म्हणाल्या, "दाखवा, पण आधी सूप प्या." गेली कित्येक वर्षं मी बाबांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. मला मात्र त्या दिवसापासून घास गिळवत नाही.

माझी विनंती ऐका. त्या ओळीवर हरकत घेणारे जगात आपण एकटेच. "माझी हरकत मी मागं घेतो" एवढं आपण मठाला लिहिलंत, तर फोटो काढायला कारणच उरत नाही. पान नाजूक आहे. बाबांना चौऱ्याहत्तर पूर्ण झाली, जिना चढले की छाती धडधडते. म्हणून लिहिते आहे, दुसरं काही कारण नाही.

टेक्ला ऑस्टरवाल्ट

ता. क. पत्र परत वाचून पाहिलं. "दुसरं काही कारण नाही" हे वाक्य नसतं तर बरं झालं असतं. पण खोडलं तर जास्तच दिसेल.


आल्सफुर्ट, ११ मार्च १९१४

डॉक्टर टेसमार,

आपलं उघडं कार्ड मिळालं. त्यावर तीन शब्द. "ओळ लांब होती." ना नमस्कार, ना सही. ल्युडेकेबाईंनी ते दारातच वाचलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, हा अजून तिथंच बसलाय होय?"

हो, तुम्ही तिथंच बसला आहात, आणि मीही. मी "तुम्ही" लिहिते आहे. "आपण" लिहिताना हात आखडतो, आणि आज मला बरंच लिहायचं आहे.

ती लाकडी पेटी आठवते तुम्हाला? मठवाल्यांनी पोथी पोस्टानं पाठवली होती, पेंढ्यात गुंडाळून, अंडी पाठवावीत तशी. तेव्हा अशीच पाठवायचे. सहा आठवडे ती आमच्या जेवणाच्या टेबलावर होती आणि आम्ही तिघं स्वयंपाकघरात जेवत होतो. वर कुण्या संन्याशानं लिहिलेली प्रार्थना, आणि तिच्या पोटात, खरवडलेली, त्या अनामिक ग्रीक माणसाची हकीकत. त्याच्या गावाला समुद्राकडून वेढा पडला होता. नंतरच्या एका संग्राहकानं त्या हकिकतीतलं अर्धंच वाक्य उतरून ठेवलं होतं, "जहाजांची शिडं दिसली, आणि गावात". पुढे काय ते कुणालाच माहीत नव्हतं. बाबांनी फार पूर्वी अंदाज छापला, "कुणीही भ्यालं नाही." बर्लिनच्या कुणा विद्वानानं त्याला शाळकरी पोराचं स्वप्न म्हटलं. बाबांनी ते एकवीस वर्षं गिळून ठेवलं होतं, पान सापडेपर्यंत.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, निदान छापलेलं तरी. माजूफळाचा काढा पानावर फिरवला, दडलेली अक्षरं थोडा वेळ वर आली, आणि प्रोफेसर ऑस्टरवाल्ट यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं, "कुणीही भ्यालं नाही." मग काढ्यानं नेहमीप्रमाणे पान काळं केलं. बाबांना गेहाइमराट ही पदवी मिळाली, ओळ शाळेच्या पुस्तकांत गेली. आणि तुम्ही चार पानांचं टिपण छापलंत, की काळ्या पडत चाललेल्या पानावर तुम्ही भिंगातून शाईच्या खुणा थेट समासापर्यंत पाहिल्या, म्हणजे ओळ याहून लांब होती. त्या चार पानांनी तुमची सगळी विद्यापीठं बंद झाली.

आता छापलेलं नाही ते लिहिते. बाबांनी काही वाचलं नाही. त्या उन्हाळ्यात त्यांना समोरचं ताट दिसत नव्हतं. डॉक्टरांनी आदल्याच हिवाळ्यात सांगितलं होतं की दोन्ही डोळे जाणार. विद्यापीठाला कळू द्यायचं नाही असं आमचं ठरलं होतं. व्याख्यानं ते पाठ म्हणायचे. जिन्याच्या पायऱ्या मोजलेल्या होत्या. रस्त्यात टोपी कुणाला काढायची ते मी कोपर दाबून सांगायचे. सहा वर्षं रोज आमच्या घरात असून तुम्हाला कळलं नाही, मग दुसऱ्यांचं काय. ते पान मी वाचलं, एकटीनं.

म्हणून घाबरले आहे. बाबांनी न पाहता "पाहिलं" म्हटलं, हे बाहेर आलं तर लोक काय म्हणतील? त्यांना म्हातारपणी कुणी खोटं म्हणू नये, एवढंच मागते. मठाला लिहा ना.

टेक्ला


आल्सफुर्ट, २ मे १९१४

एमिल,

इतकं लांब पत्र तुम्ही लिहाल असं वाटलं नव्हतं. न्हाणीघरात कडी लावून वाचलं. मग परत वाचलं.

तुमच्या शाळेच्या सभागृहात, मुख्याध्यापकांच्या खुर्चीच्या वर, हातभर सोनेरी अक्षरांत "कुणीही भ्यालं नाही" लिहिलंय हे मला ठाऊक नव्हतं. रोज सकाळी प्रार्थनेला तुम्ही त्याच्याखाली उभे राहता, आणि पोरं ते मोठ्यानं म्हणतात. रशियाच्या सरहद्दीवरच्या त्या गावात तुम्हाला नोकरी मिळाली ती याच ओळीमुळे, आणि ती ओळ तिथंही तुमच्या आधी जाऊन बसली. तुम्ही हे विनोदानं लिहिलं आहे. मला हसू आलं नाही.

आणि तुमचा प्रश्न. "प्रोफेसरांना दिसत नव्हतं, तुम्ही वाचलंत, ठीक. मग त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही खाली का पाहिलंत?"

सांगते. आमच्या बैठकीत बाबा खुर्चीत, तुम्ही उभे. तुम्ही म्हणालात, "टेक्ला, तुम्ही तिथं होतात. ओळ केवढी होती?" मी म्हणाले, "बाबांनी वाचली तेवढीच." तुम्ही हॅट घेतलीत. दाराशी ल्युडेकेबाई तुमच्यासाठी केलेला आलुबुखाराचा केक घेऊन उभ्या होत्या. तो तसाच राहिला.

मी खाली पाहिलं, कारण ओळ लांब होती.

एमिल, लिहून टाकलं. आता उरलेलंही लिहिते, नाही तर पुन्हा धीर व्हायचा नाही.

सकाळचे दहा, जेवणघराची खिडकी उघडी, ऊन टेबलावर. बाबा माझ्याशेजारी, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी ब्रशनं काढा फिरवला. पहिली ओळ वर आली, वाचली. दुसरी आली, तीही वाचली. बाबा पुटपुटत होते, "हं. हं. पुढे." मग तिसरी आली. संग्राहकाचं अर्धं वाक्य आधी, आणि त्याच्यापुढे, स्वच्छ, समासापर्यंत, काही तरी भलतंच. बाबांचं नव्हतं ते. मी ते मनात एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. बाबांनी विचारलं, "काय दिसतं, टेक्ला?"

डोळे जाणार हे कळल्यापासून ते एकदाही हसले नव्हते. मान माझ्याकडे नाही, खिडकीकडे वळलेली होती, आंधळ्या माणसाची वळते तशी. मी तोंड उघडलं आणि त्यांचेच शब्द बाहेर पडले, "कुणीही भ्यालं नाही." ते टेबलावर डोकं ठेवून रडले. आई गेली तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

मला वाटलं, जेवणानंतर सांगू. मग वाटलं, संध्याकाळी. चार वाजता तुम्ही भिंग घेऊन आलात आणि म्हणालात, शाई तर समासापर्यंत दिसतेय, उद्या विद्यापीठातलं मोठं भिंग आणतो. तुम्ही गेल्यावर बाटलीत उरलेला सगळा काढा मी तिसऱ्या ओळीवर ओतला. दुसऱ्या दिवशी तुम्ही मोठं भिंग आणलंत तेव्हा ती जागा काळी ठिक्कर होती. बाबा म्हणाले, काढा कधी कधी असा करतो. मी मान हलवली.

बाबांनी मला ग्रीक शिकवलं तेव्हा पहिला धडा हा होता. जे दिसलं ते लिहायचं, जे सुचलं ते कंसात घालायचं. दोन्हींची गल्लत करतो तो चोर. मी त्यांचं सुचलेलं दिसलेलं म्हणून लिहिलं, आणि त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवून तुम्हाला बुडवलं. त्यांनी खोटेपणा केला नाही, एमिल. तुम्हाला त्यांनी खरंच आंधळा समजून हाकललं.

आता कळलं ना मी कशाला भिते? लोक काय म्हणतील ते सोडा. बाबांचं सगळं जग माझ्या वाचण्यावर चालतं. वर्तमानपत्र, पत्रं, औषधाची बाटली, सगळं. त्यातही मी गाळते, हे एक पाप आणखी. कुणी त्यांच्यावर टीका केली की ती पानं मी उलटून जाते. मठाचं पत्र माझ्या हाती पडलं असतं तर त्यातला फोटोही गाळला असता. ते विद्यापीठाच्या डीनसाहेबांनी आणलं आणि स्वतःच वाचून दाखवलं. काचेवर खरी ओळ उमटली, की बाबा मला पुन्हा कधी "काय दिसतं?" विचारणार नाहीत. मग मी त्या घरात कशाला राहू, हे मला सांगा.

खरी ओळ काय होती ते इथं लिहीत नाही. पाठ आहे. अकरा वर्षं रोज एकदा म्हणते, विसरू नये म्हणून. पण कागदावर ती अजून एकदाही आली नाही.

मठाला लिहू नका. आता काय मागावं तेच मला कळत नाही.

टेक्ला


आल्टेनरोड, मठाची धर्मशाळा, १२ जुलै १९१४

एमिल,

फोटो झाला. मी सुटले, आणि त्यामुळे आता पुरती अडकले आहे.

बाबांनी हट्ट धरला, "मी स्वतः येणार." दोन गाड्या बदलून आलो. पाटर वुनिबाल्ट गोल, बोलका माणूस. तळघराच्या जिन्यावर म्हणाले, "बाईसाहेब, तिसऱ्या पायरीवर जपून, आमचा सैतान तिथंच बसतो." बाबा म्हणाले, "आमच्याकडे तो विद्यापीठात बसतो." दोघं हसले. मी बाबांचा हात इतका घट्ट धरला होता की ते म्हणाले, "अगं, पडणार मी आहे की तू?"

खाली लाल दिवा. पाटरांनी काच पाण्यातून काढली आणि उजेडासमोर धरली. पहिली ओळ उमटली होती, दुसरीही, कालच लिहिल्यासारखी. मी भिंतीला टेकले. मग त्यांनी काच जरा खाली घेतली आणि म्हणाले, "इथं मात्र कुणी विहीरभर काढा ओतलाय. त्यातून सूर्यसुद्धा जायचा नाही."

तिसऱ्या ओळीच्या जागी काळा पट्टा होता, बाकी काही नाही.

बाबांनी विचारलं, "काय दिसतं, टेक्ला?"

त्याच शब्दांत, त्याच आवाजात विचारलं. मान पुन्हा भलत्याच बाजूला. मी म्हणाले, "काळं आहे, बाबा." हे खरं होतं. एवढ्या वर्षांत त्या पानाबद्दल मी त्यांच्याशी बोललेलं पहिलं खरं वाक्य.

पाटर म्हणाले, "मग गेहाइमराट साहेब, आता जगात एकच साक्ष उरली. आपले डोळे."

बाबा म्हणाले, "माझे नाहीत. तेव्हा मला ताटातला बटाटा दिसत नव्हता. वाचलं ते माझ्या मुलीनं. मी अकरा वर्षं तिचं श्रेय खाल्लं, खुर्ची जाईल म्हणून. आता खुर्ची कुठंय, मी पेन्शनीत निघालो. लिहून घ्या." आणि त्यांनी तिथंच उभ्यानं सांगितलं. नव्या आवृत्तीत छापायचं, की तिसरी ओळ टेक्ला ऑस्टरवाल्ट हिनं स्वतःच्या डोळ्यांनी वाचली, आणि तिच्या वाचण्याला तिचा बाप जामीन आहे.

पाटरांनी कागद माझ्यासमोर ठेवला. "बाईसाहेब, इथं सही. अभिनंदन."

मी सही केली, एमिल. बाबा माझा खांदा थोपटत होते, पाटर दौत धरून उभे होते, आणि मी सही केली. इतके दिवस त्या खोट्याखाली बाबांचं नाव होतं, आज माझं आलं. वर आलो तेव्हा बाबा म्हणाले, "आता मला हलकं वाटतंय." रात्री जेवणात संन्याशांनी माझ्यासाठी वाइनची बाटली फोडली.

आता मला कुणीही पकडू शकत नाही. काच काळी, पान काळं, आणि तुमचं कोण ऐकतंय? भीती संपायला हवी होती. उलट असं वाटतंय, की मी मेले तर ती ओळ दुसऱ्यांदा मरेल, आणि या खेपेला खरवडणारी मी असेन.

टेक्ला


आल्सफुर्ट, ६ ऑगस्ट १९१४

एमिल,

हे पत्र पोचेल का, कुठं पोचेल, कळत नाही. तुमचं गाव सरहद्दीपासून किती कोसांवर आहे ते मी बाबांच्या जुन्या नकाशात बोटानं मोजलं. पूर्ण बोट लागलंच नाही, एक पेर पुरलं.

लढाई जाहीर झाल्यापासून इथं सगळे गात आहेत. काल विद्यार्थ्यांची गाडी सुटली. डब्यांवर खडूनं काय काय लिहिलेलं, आणि इंजिनामागच्या पहिल्याच डब्यावर, ग्रीकमध्ये आणि खाली जर्मनमध्ये, आपली ओळ. डीनसाहेबांनी बाबांना फलाटावर खुर्चीवर उभं केलं. बाबा म्हणाले, "तेव्हा गावात कुणीही भ्यालं नाही. आजही नाही." टोप्या उडाल्या. मी खुर्ची धरून उभी होते. खुर्ची हलत होती, आणि ती मीच हलवत होते.

ल्युडेकेबाईंचा मुलगा फ्रित्स, बेकरीतला, तोही त्याच गाडीत. बत्तीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप. बाई त्याच्या कोटाचं बटण लावत होत्या. लावलेलंच काढून परत लावत होत्या. नजर बटणावर, वर उचलेनात. तो त्यांच्या डोक्यावरून घड्याळाकडे बघत होता.

घरी येताना बाई म्हणाल्या, "कोण तो, ओळ लिहिणारा? तुमच्या बाबांचा ग्रीक?"

मी म्हणाले, "हो."

"त्याला पोरगं नसेल."

मी रस्त्यात थांबले. त्या पुढं गेल्या, मग वळून म्हणाल्या, "काय झालं? पांढरी फटक पडलीस." मी चालू लागले.

तुमच्या वर्गातली पोरं गेली का? लिहा. एक शब्द लिहा, तुमच्या सवयीनं तीन लिहा.

टेक्ला


आल्सफुर्ट, ३० ऑगस्ट १९१४

एमिल,

रशियन फौजा तुमच्या भागात शिरल्याचं वाचलं. गावं रिकामी करून माणसं गाड्यांवर गाद्या टाकून निघाली म्हणतात. तुमचं उत्तर नाही. म्हणून या पत्राच्या तीन प्रती केल्या आहेत. एक शाळेच्या पत्त्यावर, एक तुमच्या बहिणीकडे श्टेटिनला, एक तिथल्या निर्वासितांच्या कचेरीत तुमच्या नावानं. एक तरी पोचू दे.

मी बाबांना सांगितलं.

सोळा तारखेच्या सकाळी फ्रित्सचं कार्ड आलं. बाईंनी ते मला वाचायला दिलं, त्यांचा चष्मा सापडत नव्हता. त्यात लिहिलं होतं, मी बरा आहे, इथं कुणीही भ्यालेलं नाही. तीच ओळ. त्यांना लिहायला लावत असतील. बाई म्हणाल्या, "एवढंच? माझं पोर असं बोलत नाही गं." मी कार्ड परत दिलं, तशीच जेवणघरात गेले, आणि बाबांसमोर बसले. तेच टेबल, तीच खिडकी. म्हणाले, "बाबा, तिसऱ्या ओळीत ते नव्हतं. मी खोटं वाचलं." आणि मग सगळं सांगितलं. काढा ओतल्याचंही, तुमचंही.

त्यांनी कॉफीचा कप बशीत ठेवला. बशी चुकली, कप टेबलावर गेला. ते उठले आणि पायऱ्या मोजत वर गेले.

दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. वर्तमानपत्र डीनसाहेबांकडून वाचून घेतलं. औषध बाईंकडून. मी दाराशी गेले की पावलं ओळखायचे आणि मान वळवायचे. ज्याला मी अकरा वर्षं भीत होते ते नेमकं तसंच घडलं, एमिल. फक्त मी मेले नाही. बटाटे सोलले, कपडे धुतले.

तिसऱ्या दिवशी वरून हाक आली. "टेक्ला." गेले. म्हणाले, "ओळ म्हण."

मी म्हटली. ग्रीकमध्ये, आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं.

"परत."

परत म्हटली.

ते बोटांनी गुडघ्यावर शब्द मोजत होते. तिसऱ्यांदा म्हणायला लावली. मग म्हणाले, "हे मला सात जन्मांत सुचलं नसतं. हा माणूस तिथं होता." जरा वेळानं म्हणाले, "मी तिथं नव्हतो." शेवटी विचारलं, "इतकी भीत होतीस मला?"

"तुम्हाला नाही, बाबा," मी म्हणाले. "वाचल्यावर तुमचा चेहरा कसा होईल, त्याला."

"आणि मला तुझा दिसत नव्हता," ते म्हणाले.

त्याच दुपारी त्यांनी नियतकालिकासाठी दुरुस्ती सांगितली, मी लिहिली. मठात लिहून दिलेली साक्ष रद्द. खरी ओळ माझ्या आठवणीवरून, काय झालं, कुणी केलं, सगळ्यासकट. आणि म्हणाले, "खाली माझे ते शब्दही दे. कंसात घाल. तीस वर्षांपूर्वीच घालायला हवे होते." मी कंस काढले, बाबांनी कागदावर बोट फिरवून विचारलं, "काढलेस?" शाई ओली होती, बोटाला लागली.

काल ते टिपण परत आलं. संपादकांनी सौजन्यानं लिहिलं आहे. सध्याच्या काळात ही ओळ छापणं देशाच्या दृष्टीनं योग्य नाही. शिवाय पान काळं, पुरावा नाही, आणि स्त्रियांच्या स्मरणशक्तीवर किती भिस्त ठेवावी हा प्रश्नच आहे. बाबांना मी ते पत्र वाचून दाखवलं. एक शब्दही गाळला नाही. ते म्हणाले, "एवढंसं पत्र तू पूर्वी मला कितीसं वाचून दाखवलं असतंस?" मी म्हणाले, "तारीख आणि सही." ते हसले. फार नाही, पण हसले.

मला अजून भीती वाटते. फ्रित्सचं दुसरं कार्ड नाही, तुमचं पत्र नाही. पोस्टमन कोपऱ्यावर दिसला की मी आणि बाई दोघी दारात जातो आणि दोघी त्याच्या हातांकडे बघतो. पण ही भीती सांगता येते, बाबांनाही सांगता येते. ते म्हणतात, मलाही वाटते.

तुमच्याकडे माफी मागायला शब्द शोधले, सापडले नाहीत. बाबांना विचारलं, टेसमारना तुमच्याकडून काय लिहू? मला वाटलं होतं, लांबलचक काही तरी सांगतील. ते म्हणाले, "त्याला लिही, ओळ लांब होती."

ती ही. तुमचा वर्ग उरला असेल तर मोठ्यानं वाचा. नसेल तर तुमच्यापाशी ठेवा, म्हणजे ती ठाऊक असणारे आपण तिघं झालो:

"जहाजांची शिडं दिसली, आणि गावात कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहीना, कारण जो तो दुसऱ्याच्या तोंडावर आपलीच भीती वाचत होता."

तुमची,
टेक्ला